शेणखत उत्पादनाचा अंदाज

शेणखत उत्पादनाचा अंदाज म्हणजे एखाद्या गोठ्यातील, शेतातील, गावातील किंवा प्रदेशातील पशुधनापासून ठरावीक कालावधीत किती शेण पडेल, त्यापैकी किती गोळा होईल आणि कुजल्यानंतर किती खत हाती येईल, याची केलेली आकडेमोड होय. खताची मात्रा ठरविणे, उकिरड्याच्या खड्ड्याचे आकारमान काढणे, बायोगॅस संयंत्राची क्षमता निवडणे, खताची खरेदी-विक्री आणि गोठ्यापासून होणारे प्रदूषण रोखणे, अशा अनेक कामांसाठी हा अंदाज लागतो. महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जमिनीतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी असल्याने या अंदाजाला व्यावहारिक महत्त्व आहे.

अंदाज करताना तीन वेगवेगळ्या राशींची गल्लत होण्याचा संभव असतो. जनावराने टाकलेले ताजे शेण, त्यापैकी प्रत्यक्ष जमा झालेले शेण आणि कुजून तयार झालेले खत या त्या तीन राशी होत. त्यांच्या वजनांत मोठी तफावत असते. ताज्या शेणाच्या आकड्यावरून थेट खताचा हिशेब मांडल्यास तो प्रत्यक्षापेक्षा तीन-चार पट फुगतो.

परिभाषा

ताजे शेण : गाय, बैल व म्हैस यांची ताजी विष्ठा. यात साधारणपणे ८० टक्के पाणी व २० टक्के शुष्क पदार्थ असतो. हिरव्या चाऱ्यावर पाण्याचा अंश वाढतो, तर कोरड्या कडब्यावर तो काहीसा कमी होतो.

लेंडी : शेळ्या-मेंढ्यांची विष्ठा. ती शेणापेक्षा कोरडी असते व तिच्यात अन्नद्रव्यांचे प्रमाण अधिक असते. तिच्यापासून होणाऱ्या खतास लेंडीखत म्हणतात.

चघळ : जनावराने गव्हाणीत न खाता टाकलेली उष्टी वैरण. ज्वारीच्या कडब्याची चिपाडे हा तिचा मोठा भाग असतो.

उकिरडा : शेण, चघळ, राख व केरकचरा साठविण्याची जागा. मराठी म्हणींमध्ये उकिरडा हे दैन्याचे प्रतीक असले, तरी शेतीच्या हिशेबात ते अन्नद्रव्यांचे कोठार ठरते.

शेणखत : शेण, मूत्र शोषलेली माती, चघळ व इतर काडीकचरा काही महिने कुजून तयार झालेले खत. चांगले कुजलेले खत गडद तपकिरी, भुसभुशीत व दुर्गंधीरहित असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील शेणाच्या उपयोगाची पद्धतशीर चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. इंग्लंडमधील कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर हे १८८९ मध्ये भारतात आले. त्यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेविषयीचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो तो अज्ञानामुळे नव्हे, तर सरपणाच्या टंचाईमुळे, असे प्रतिपादन त्यांनी केले आणि सरपण व वैरणीसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची सूचना केली. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात गायरानांवर आलेली बंधने, जनावरांची घटती संख्या आणि जमिनीचा उतरता कस यांचा संबंध त्यापूर्वीच जोडला होता.

विसाव्या शतकात खत तयार करण्याच्या सुधारित पद्धती पुढे आल्या. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित केलेली कंपोस्टची पद्धत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर सी. एन. आचार्य यांची बंगळूर पद्धत प्रचारात आली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविणे हे तिचे वैशिष्ट्य होय. शेणाचा पुरवठा अपुरा आहे, ही वस्तुस्थिती गृहीत धरूनच ती रचलेली आहे.

कोरडवाहू शेतीच्या संशोधनास मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे प्रारंभ झाला. १९३३ मध्ये तत्कालीन शाही कृषी संशोधन परिषदेच्या योजनेखाली सोलापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी आणि शेणखताचा वापर ही या संशोधनातून पुढे आलेल्या शिफारशींची मुख्य अंगे होती. हे केंद्र पुढे राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आले.

सोलापूर जिल्ह्यातील संदर्भ

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके असून वार्षिक पर्जन्यमान सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास आहे. जमीन प्रामुख्याने काळी असली तरी तिची खोली हलक्या मुरमाड मातीपासून भीमेकाठच्या खोल काळ्या मातीपर्यंत बदलते. रब्बी ज्वारी हे परंपरागत मुख्य पीक असून मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारीचा कडबा हाच येथील जनावरांचा मुख्य कोरडा चारा होय. उजनी धरणानंतर उसाचे, तर सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत डाळिंबाचे क्षेत्र वाढले. डाळिंब हे शेणखताची मोठी मागणी असणारे पीक आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे.

जिल्ह्यातील पशुधनात खिलार गाय-बैल, पंढरपुरी म्हैस, संकरित दुभत्या गाई, उस्मानाबादी शेळी व दख्खनी मेंढी यांचा समावेश होतो. एकाच गोठ्यात वजनाने व आहाराने भिन्न असलेली जनावरे असल्यामुळे सर्वांना एकच दर लावून केलेला अंदाज येथे फसवा ठरतो. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी झाल्या आणि खत मागणारी फळबाग वाढली, या दोन बदलांमुळे शेणखत ही पुष्कळ ठिकाणी विकत घ्यावी लागणारी वस्तू झाली आहे.

अंदाजाच्या पद्धती

१. प्रतिजनावर दराची पद्धत

ही सर्वांत सोपी व सर्वाधिक रूढ पद्धत होय. प्रत्येक प्रकारच्या जनावरांची संख्या त्या जनावराच्या दैनिक शेणाच्या दराने गुणली जाते. बायोगॅस संयंत्रांच्या नियोजनात भारतात दीर्घकाळ गाय-बैलास १० किलो, म्हशीस १५ किलो व वासरास ५ किलो असे दर वापरले जात आहेत. कामाच्या मोठ्या बैलास १२ किलोपर्यंत व भरपूर खाणाऱ्या संकरित दुभत्या गाईस २० किलो किंवा त्याहून अधिक दर धरावा लागतो. शेळी-मेंढीसाठी तो ०.३ ते ०.५ किलो असतो.

परदेशी तक्त्यांतील दर जसेच्या तसे वापरता येत नाहीत. अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या २००५ च्या मानकात दुभत्या गाईमागे शेण व मूत्र मिळून दिवसाला सुमारे ६८ किलो उत्सर्ग धरला आहे. हा आकडा सहाशे किलोंहून अधिक वजनाच्या व दिवसाला सुमारे ४० लिटर दूध देणाऱ्या गाईसाठी आहे. कडब्यावर राहणाऱ्या खिलार गाईस तो लावल्यास अंदाज कित्येक पटींनी चुकेल.

२. वजनाच्या प्रमाणाची पद्धत

प्रौढ गोवंशीय जनावर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के इतके ताजे शेण टाकते. ४०० किलो वजनाच्या जनावराचे शेण या हिशेबाने १६ ते २४ किलो येते. अर्धपोटी राहणाऱ्या किंवा दिवसभर चरणाऱ्या जनावराच्या बाबतीत गोठ्यात मिळणारे शेण याहून बरेच कमी असते. जनावराचे वजन काटा नसल्यास छातीचा घेर व शरीराची लांबी मोजून काढता येते. इंचांत मोजलेल्या घेराच्या वर्गास लांबीने गुणून ३०० ने भागले असता वजन पौंडांत मिळते व २.२ ने भागल्यावर ते किलोग्रॅममध्ये येते.

३. चाऱ्यावरून अंदाज

जनावराने खाल्लेल्या शुष्क पदार्थांपैकी जो भाग पचत नाही, तो शेणावाटे बाहेर पडतो. या तत्त्वावर पुढील सूत्र आधारलेले आहे :

शेणातील शुष्क पदार्थ = खाल्लेला शुष्क पदार्थ × (१ − पचनीयता)

ताजे शेण = शेणातील शुष्क पदार्थ ÷ (१ − शेणातील पाण्याचा अंश)

उदाहरणार्थ, एका गाईने दिवसभरात १० किलो शुष्क पदार्थ खाल्ला व चाऱ्याची पचनीयता ५५ टक्के असेल, तर ४.५ किलो शुष्क पदार्थ शेणात येईल. शेणात ८० टक्के पाणी धरल्यास ताज्या शेणाचे वजन ४.५ ÷ ०.२० = २२.५ किलो होईल.

या पद्धतीत खाल्लेली वैरण व टाकलेली वैरण यांतील फरक काटेकोरपणे ठेवावा लागतो. गव्हाणीत टाकलेल्या कडब्यातून चघळीचे वजन वजा केल्यावर उरते तेवढेच जनावराच्या पोटात गेलेले असते. कडबाकुट्टी केल्यास चघळ कमी होते, म्हणजे शेण वाढते व उकिरड्यावर थेट जाणारा काडीकचरा घटतो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खतापासून निघणाऱ्या मिथेन वायूचा अंदाजही जनावराचे ऊर्जाग्रहण व चाऱ्याची पचनीयता यांवरूनच काढला जातो.

४. प्रत्यक्ष वजन

गोठ्यातील शेण चोवीस तास गोळा करून वजन करणे ही सर्वांत विश्वसनीय पद्धत होय. त्यासाठी एक घमेले भरून त्याचे वजन करावे व रिकाम्या घमेल्याचे वजन वजा करावे. त्यानंतर रोज निघालेली घमेली मोजली तरी काम भागते. एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये. हिवाळा, उन्हाळा व पावसाळा या तिन्ही ऋतूंत सलग पाच ते सात दिवस मोजणी करून सरासरी काढावी, कारण चारा बदलला की शेणाचे वजन व त्यातील पाणी ही दोन्ही बदलतात. पावसाळ्यात उघड्यावरील शेणात पावसाचे पाणी मिसळत असल्याने त्या दिवसांत छपराखालील शेणाचेच वजन ग्राह्य धरावे.

५. ढीग किंवा खड्ड्याच्या आकारमानावरून अंदाज

तयार खत मोजण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. आकारमान काढून त्यास घनतेने गुणतात. ताज्या शेणाची घनता घनमीटरला सुमारे ९०० ते १,००० किलो, तर कुजलेल्या शेणखताची सुमारे ५०० ते ७०० किलो असते.

आयताकृती खड्डा : लांबी × रुंदी × खताची खोली. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल भरलेल्या खड्ड्यात १२ घनमीटर खत असते. घनता ६५० किलो धरल्यास त्याचे वजन ७.८ टन येते.

लांबट ढीग : तळाची व माथ्याची रुंदी यांची सरासरी × उंची × लांबी. तळाशी ३ मीटर, माथ्याशी २ मीटर, उंची १.२ मीटर व लांबी ६ मीटर असल्यास आकारमान १८ घनमीटर होते. ६०० किलो घनतेने हे १०.८ टन खत झाले. ढिगाची टोके उतरती असल्याने प्रत्यक्ष वजन याहून थोडे कमी भरते.

शंकूसारखा ढीग : तळाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ × उंची ÷ ३.

घनता अंदाजाने धरण्यापेक्षा ज्ञात आकारमानाचे पिंप किंवा खोके त्याच खताने भरून वजन करणे अधिक योग्य.

जमा होणारे शेण व वजावटी

पडलेले सर्व शेण उकिरड्यावर पोचत नाही. चरण्यास जाणाऱ्या जनावराचे शेण माळावर, वाटेवर व पाणवठ्यावर पडते. कामाच्या बैलाचे काही शेण शेतातच राहते. दावणीला बांधलेल्या जनावराचे शेण जवळजवळ पूर्ण गोळा होते. मुक्त संचार गोठ्यात मात्र ते मातीत तुडवले जाऊन त्याबरोबर मातीही खतात येते.

गोळा झालेल्या शेणातून पुढील वजावटी होतात : गोवऱ्या, सडा-सारवण, तसेच धान्याच्या कणगी लिंपणे यांसारखे घरगुती उपयोग. ज्या घरांत स्वयंपाकाचा गॅस नियमित वापरला जातो तेथे गोवऱ्यांची वजावट अल्प धरावी. बायोगॅसला दिलेले शेण मात्र वजा करू नये, कारण त्याची मळी खत म्हणून परत मिळते.

कुजण्याच्या क्रियेत शुष्क पदार्थाचा मोठा भाग कर्बद्विप्राणिल वायू व पाण्याची वाफ होऊन निघून जातो. ही घट साधारणपणे ३० ते ५० टक्के असते. १०० किलो ताज्या शेणात २० किलो शुष्क पदार्थ असतो. त्यातील ४० टक्के घटल्यास १२ किलो उरतो व खतात ५० टक्के ओलावा राहिल्यास त्याचे वजन २४ किलो होते. म्हणजेच शंभर किलो शेणाचे केवळ शेणापासूनचे खत पाव हिश्श्याइतकेच भरते. चघळ व काडीकचरा मिसळल्याने ही रास वाढते.

नमुन्यादाखल गणित

पुढील उदाहरण कोरडवाहू व बागायती अशी संमिश्र शेती असलेल्या एका कल्पित कुटुंबाचे आहे. जमा होण्याचे प्रमाण जनावरांच्या चरण्याच्या सवयीनुसार धरले आहे.

| जनावर | संख्या | दैनिक दर (किलो) | एकूण (किलो) | जमा प्रमाण (टक्के) | जमा शेण (किलो) |
|---|---|---|---|---|---|
| खिलार बैल | २ | १२ | २४ | ६० | १४.४ |
| पंढरपुरी म्हैस | ३ | १५ | ४५ | ८० | ३६ |
| संकरित गाय | २ | २० | ४० | ९५ | ३८ |
| वासरे व रेडके | ३ | ५ | १५ | ८० | १२ |
| शेळ्या | १० | ०.४ | ४ | ५० | २ |
| एकूण | | | १२८ | | १०२.४ |

वर्षभरात पडणारे शेण १२८ × ३६५ = ४६,७२० किलो, म्हणजे सुमारे ४७ टन होते. रोज जमा होणाऱ्या १०२.४ किलोंपैकी गोवऱ्या व सारवणासाठी १२.४ किलो वजा केल्यास ९० किलो उरते. वर्षाकाठी हे ३२,८५० किलो झाले.

२० टक्के दराने त्यातील शुष्क पदार्थ ६,५७० किलो येतो. रोज १० किलो चघळ उकिरड्यावर जाते व तिच्यात ९० टक्के शुष्क पदार्थ आहे असे मानल्यास वर्षाला आणखी ३,२८५ किलोंची भर पडते. एकूण ९,८५५ किलोंतून कुजताना ४० टक्के घट झाल्यावर ५,९१३ किलो शुष्क पदार्थ शिल्लक राहतो. ५० टक्के ओलावा धरता तयार शेणखत ११,८२६ किलो, म्हणजे बारा टनांच्या आत भरते. सत्तेचाळीस टन शेणापासून बारा टन खत, असा हा हिशेब आहे.

या खताची पोच पिकानुसार बदलते. ज्वारीस हेक्टरी ५ टन दिल्यास ते सुमारे २.४ हेक्टरांस, म्हणजे सहा एकरांस थोडे कमी पुरते. हेच खत डाळिंबास झाडामागे २० किलो दिल्यास सुमारे ५९० झाडांना पुरेल. ४.५ × ३ मीटर अंतरावर एकरी सुमारे ३०० झाडे बसत असल्याने हे क्षेत्र दोन एकरांच्या आत येते. फळबाग लावलेल्या कुटुंबाचे उरलेले रान शेणखताविना का राहते, याचे उत्तर या गणितात मिळते. दहा मोठ्या-लहान जनावरांचा गोठाही दोन एकर बाग व सहा एकर ज्वारी यांना एकाच वर्षी पुरेसे खत देऊ शकत नाही. अशा वेळी ज्वारीच्या रानास तीन वर्षांतून एकदा आळीपाळीने खत देणे, हिरवळीचे पीक घेणे किंवा नाडेप पद्धतीने काडीकचरा कुजविणे हे पर्याय उरतात.

अन्नद्रव्यांचा हिशेब

सर्वसाधारण शेणखतात ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद व ०.५ टक्के पालाश असते असे मानले जाते. वरील ११,८२६ किलो खतातून या दराने सुमारे ५९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व ५९ किलो पालाश मिळते. त्यातील नत्र पहिल्याच वर्षी पिकास पूर्ण उपलब्ध होत नाही, काही भाग पुढील हंगामांत मिळतो. शेणखताचे मोल केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. सेंद्रिय कर्बाची भर, मातीची ओल धरून ठेवण्याची शक्ती आणि सूक्ष्मजीवांची वाढ हे त्याचे फायदे कोरडवाहू शेतीत तितकेच मोलाचे आहेत.

मूत्राकडे अनेकदा दुर्लक्ष होते. गोवंशीय जनावराने उत्सर्जित केलेल्या नत्राचा सुमारे निम्मा व पालाशचा बहुतांश भाग मूत्रात असतो. कच्च्या जमिनीच्या गोठ्यात तो मुरून जातो व उघड्या उकिरड्यातून अमोनियाच्या रूपाने उडून जातो. सोलापूरचा उन्हाळा कडक असल्याने ही हानी अधिक होते. गोठ्यात चघळ किंवा कोरडी माती पसरून मूत्र शोषून घेणे, खड्ड्यावर सावली करणे व माथा मातीने लिंपणे यांमुळे ती कमी होते. खताचे वजन यामुळे फारसे वाढत नसले, तरी त्याचा कस वाढतो. वजनाचा अंदाज आणि कसाचा अंदाज या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

मेंढ्या बसविणे

धनगरांचे कळप रात्री शेतात बसविण्याची प्रथा दख्खनच्या पठारावर जुनी आहे. मेंढपाळास त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम दिली जाते. या पद्धतीत लेंडी व मूत्र दोन्ही थेट जमिनीत पडतात. वाहतूक, साठवण व कुजण्यातील घट टळते.

अंदाज करताना रात्रीचाच वाटा धरावा लागतो. २०० मेंढ्यांचा कळप, दिवसाकाठी प्रत्येकी ०.५ किलो लेंडी व त्यातील निम्मी रात्रीच्या मुक्कामात, असे मानल्यास एका रात्रीत ५० किलो लेंडी पडते. वीस रात्रींत ती एक टन होते. कळप रोज थोडा सरकवत नेल्यास खत रानभर सारखे पसरते.

कुक्कुटपालन

अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. एक हजार कोंबड्यांमागे हे प्रमाण दिवसाला १०० ते १५० किलो होते. मांसल कोंबड्यांच्या शेडमध्ये विष्ठेबरोबर जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसाही निघतो, त्यामुळे तुसाचे वजन स्वतंत्र नोंदवावे लागते. कोंबडीखतात नत्राचे प्रमाण सुमारे ३ टक्के, म्हणजे शेणखताच्या कित्येक पट असते. ते कच्चे वापरल्यास पिकास अपाय होऊ शकतो.

बायोगॅससाठी अंदाज

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर वायू मिळतो. त्यानुसार दर घनमीटर क्षमतेस रोज २५ किलो शेण लागते व दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रास ५० किलो. शेणात तितकेच पाणी मिसळून ते संयंत्रात सोडतात. येथे पडणाऱ्या शेणाचा नव्हे, तर जमा होणाऱ्या शेणाचाच आकडा घ्यावा लागतो. चरणाऱ्या जनावरांच्या संख्येवरून क्षमता ठरविल्यास संयंत्र उपाशी राहते व बंद पडते. केंद्र शासनाची गोबरधन योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. तिच्या प्रकल्पांनाही गावातील जमा होणाऱ्या शेणाचा वास्तव अंदाज आवश्यक असतो.

दुष्काळ व चारा छावण्या

२०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत सोलापूर जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा काळात नेहमीचे दर लागू पडत नाहीत. समजा, एका मोठ्या जनावरास दिवसाला १५ किलो हिरवा चारा मिळाला व त्यात २५ टक्के शुष्क पदार्थ असला, तर पोटात जाणारा शुष्क पदार्थ ३.७५ किलो होतो. ५५ टक्के पचनीयतेने शेणात सुमारे १.७ किलो शुष्क पदार्थ येईल व ताजे शेण साधारण साडेआठ किलो भरेल. म्हशीसाठी रूढ असलेला १५ किलोंचा दर येथे लावल्यास अंदाज जवळजवळ दुप्पट होईल.

दुष्काळाचा परिणाम पुढील हंगामावरही होतो. जनावरे छावणीत गेल्याने घरचा उकिरडा रिता राहतो, कडबा अपुरा असल्याने चघळ उरत नाही आणि जनावरे विकली गेल्यास शेणाचा स्रोतच आटतो. पाऊस परतला तरी त्या वर्षी रानास द्यायला खत नसते.

खरेदी-विक्रीतील मोजमाप

पूर्वी खत बैलगाडीने मोजले जाई व आता ते बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने विकले जाते. ट्रॉली हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच भरलेल्या ट्रॉलीत १२० घनफूट, म्हणजे सुमारे ३.४ घनमीटर माल मावतो. कुजलेले खत ६०० किलो घनतेने सुमारे २ टन भरते व ५० टक्के ओलावा असल्यास त्यात सुमारे १ टन शुष्क पदार्थ असतो. तीच ट्रॉली ओल्या शेणाने भरल्यास वजन ३ टनांवर जाते, परंतु शुष्क पदार्थ सहाशे किलोंच्या आसपासच असतो. वजनकाट्यावर जड ठरलेला माल खत म्हणून हलका असू शकतो. मातीमिश्रित खतातही वजन वाढते व कस घटतो. म्हणून खरेदीपूर्वी खताचा ओलावा व मातीचे प्रमाण पाहणे इष्ट असते.

अंदाजातील नेहमीच्या चुका

* वासरे, कालवडी व भाकड जनावरे यांना दुभत्या जनावराचा दर लावणे.
* ताजे शेण व कुजलेले खत यांची वजने परस्परांच्या जागी वापरणे.
* चरण्याच्या काळातील शेण जमा झालेले मानणे.
* एका ऋतूतील मोजणीवरून वर्षाचा आकडा काढणे.
* चघळ व काडीकचरा हिशेबात न धरणे किंवा दोनदा धरणे.
* वर्षभरात विकलेली, विकत घेतलेली किंवा दगावलेली जनावरे न नोंदविणे.

प्रादेशिक पातळीवरील अंदाज

गाव, तालुका किंवा जिल्ह्यासाठी अंदाज करताना पशुगणनेचे आकडे वापरले जातात. भारतात पशुगणना १९१९ पासून घेतली जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात एकूण सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन होते. त्यात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे व १० कोटी ९९ लाख म्हशी होत्या. एकविसाव्या गणनेस ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारंभ झाला. गणनेत जात, वय व लिंग यांनुसार वर्गवारी असल्याने प्रत्येक गटास वेगळा दर लावणे शक्य होते. दोन गणनांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर असल्यामुळे दुष्काळानंतरच्या वर्षांत हे आकडे जपून वापरावे लागतात.

शहरालगतच्या मोठ्या गोठ्यांबाबत प्रश्न उलट असतो. तेथे शेण भरपूर व शेत थोडे असल्याने अंदाजाचा हेतू विल्हेवाटीचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा व गोशाळांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. शेण नाल्यात न सोडता त्याचे खत, बायोगॅस किंवा इंधन करण्यावर त्यांत भर आहे. खताची चणचण असलेले शेत व शेणाचा भार झालेला गोठा यांतील अंतर किती लांबपर्यंत परवडेल, हे वाहतुकीच्या खर्चावर व पर्यायाने खतातील पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते.

हेही पहा

* शेणखत
* कंपोस्ट खत
* बायोगॅस
* खिलार गाय
* पंढरपुरी म्हैस
* कोरडवाहू शेती
* सोलापूर जिल्हा